पहाटेच्या गारठ्यात धावताना: आदल्या रात्रीपासून आंघोळीपर्यंत

डिसेंबर अर्धा सरला की वर्तमानपत्रात निफाडचा आकडा यायला लागतो. पारा ८ वर, मग ६ वर, एखाद्या वर्षी त्याच्याही खाली. द्राक्षबागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे वेलींना पाणी देतात, कारण कडाका वाढला की मणी तडकतात. आणि त्याच दिवसांत आमच्या नाशिकच्या धावणाऱ्यांच्या ग्रुपवर पहाटे साडेपाचला मेसेज येऊ लागतात: ‘आज राहू दे, फार गारठा आहे.’

मला याची दरवर्षी हळहळ वाटते. लांब पल्ल्याच्या धावण्याला माणसाच्या शरीराला सगळ्यात मानवणारी हवा असते ती साधारण ७ ते १२ अंशांची. एप्रिलमध्ये सकाळी सातलाच घामाने निथळणाऱ्या आपल्या पठारावर अशी हवा वर्षातून जेमतेम आठ-दहा आठवडे मिळते, आणि नेमके तेच आठवडे आपण रजईत घालवतो.

चौदा हिवाळे नाशिक आणि पुण्याच्या रस्त्यांवर धावून माझं एक मत पक्कं झालं आहे. आपल्याकडच्या थंडीत धावताना त्रास होतो तो दोन टोकांना: निघण्याआधीची आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं, आणि थांबल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं. मधला तासभर शरीर स्वतःची शेगडी स्वतः पेटवून ठेवतं. म्हणून या लेखात धावण्यापेक्षा त्या दोन टोकांबद्दलच जास्त लिहिलं आहे. आकडे आहेत ते पुणे, नाशिक, नगर (आताचं अहिल्यानगर), सातारा, नागपूर अशा ठिकाणच्या पहाटेचे, म्हणजे साधारण ६ ते १४ अंशांचे. शून्याखालच्या थंडीत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी शेवटाकडे वेगळं लिहिलं आहे.

आधी आपल्या रस्त्याची थंडी ओळखा

मोबाइलमधलं तापमान शहराचं असतं, तुमच्या रस्त्याचं नसतं. थंड हवा जड असते. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री ती पाण्यासारखी उतारावरून खाली येते आणि नदीकाठी, नाल्यात, खोलगट भागात साचते. म्हणून गोदावरीच्या काठाने धावताना बोटं बधिर होतात आणि पांडवलेण्यांच्या चढाला लागलं की हवा सौम्य वाटते. पुण्यात पाषाणला राहणारा माणूस मगरपट्ट्यातल्या मित्राला थंडी सांगतो तेव्हा मित्राला ती खरी वाटत नाही. दोघांचंही बरोबर असतं.

दुसरी गोष्ट वेळेची. सगळ्यात जास्त गारठा मध्यरात्री नसतो, सूर्योदयाच्या आसपास असतो, कारण जमीन रात्रभर उष्णता सोडत राहते. जानेवारीत पुण्या-नाशिकला सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. म्हणजे साडेपाचला निघालात तर पुढचा दीड तास थंडी वाढत जाणार आहे, आणि साडेसातला निघालात तर ती भराभर उतरणार आहे. पहिल्या वेळी जास्तीचा एक थर अंगावर ठेवून निघावं, दुसऱ्या वेळी तोच थर कमरेला बांधून फिरावं लागतं. नोकरीची वेळ आड येत नसेल तर जानेवारीत मी पावणेसातच्या आधी निघत नाही. उजेड मिळतो, आणि हवाही थोडी बरी मिळते. हवेबद्दल पुढे येतंच आहे.

आदल्या रात्री: दोन जोड काढून ठेवा

पहाटे अंधारात कपाट धुंडाळायची वेळ आली की निम्मी माणसं परत पांघरुणात शिरतात. म्हणून सगळं रात्रीच खुर्चीवर काढून ठेवा. यात एक जोड धावण्याचा आणि दुसरा थांबल्यानंतरचा. हा दुसरा जोड फार कमी लोक नेतात, आणि थंडीत आजारी पडणारे बहुतेक तो न नेणारेच असतात. एका छोट्या पिशवीत कोरडा टी-शर्ट, कोरडे मोजे, जाड स्वेटर, कानटोपी आणि एक पंचा. पंचा टॉवेलपेक्षा बरा, घडी लहान होते आणि घाम पटकन टिपतो. मैदानावर गाडीने जात असाल तर ही पिशवी डिकीत. घराच्या दारातूनच धावायला सुरुवात करत असाल तर पिशवीची गरज नाही, पण हे कपडे दाराजवळच असू द्या.

बूट रात्री गॅलरीत ठेवू नका. तळव्याखालचा फोम गार झाला की कडक होतो, आणि पहिले दोन किलोमीटर टाचांना रस्ता जास्तच टणक लागतो. बूट घरातच असावेत.

कपडे: १० अंश जास्त धरा

धावताना शरीर जी ऊर्जा खर्च करतं तिचा जवळपास तीन चतुर्थांश भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. त्यामुळे कपडे निवडताना बाहेरच्या तापमानात ८ ते १० अंश मिळवा आणि त्या हवेत चालायला जाताना जे घातलं असतं ते घाला. बाहेर ९ अंश असतील तर १८-१९ अंशांचे कपडे. दाराबाहेर पडल्यावर थोडं काकडायला झालं तर कपडे बरोबर आहेत असं समजा. दारातच ऊबदार वाटत असेल तर तिसऱ्या किलोमीटरला घामाघूम होणार.

पहिल्या हिवाळ्यात मी सुती बनियनवर लोकरीचा जाड स्वेटर घालून दहा किलोमीटर धावलो होतो. सहाव्या किलोमीटरला बनियन ओलं गच्च झालं. ते अंगाला चिकटलं, आणि संपल्यावर चहाच्या टपरीवर उभा राहिलो तशी अशी हुडहुडी भरली की हातातला ग्लास धरवेना. पुढचे पाच दिवस ताप आणि खोकला. खोकला थंडीच्या जंतूंनी आला की आणखी कशाने ते सांगता येत नाही, पण त्या हुडहुडीचं कारण सरळ होतं. हवेच्या मानाने पाणी शरीरातली उष्णता सुमारे २५ पट वेगाने ओढून नेतं. सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं, म्हणजे आपण थंड पाण्याची पट्टी छातीला गुंडाळून उभे असतो.

म्हणून अंगाला लागून असलेला कपडा सुती नको. साधा पॉलिएस्टरचा, शर्यतीत फुकट मिळतो तसला टी-शर्ट उत्तम. माझा हिशेब असा:

१२ ते १५ अंश: अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट, शॉर्ट्स. जास्तच थंडी वाजत असेल तर पातळ हातमोजे, जे दुसऱ्या किलोमीटरला खिशात जातात.

८ ते १२ अंश: पूर्ण बाह्यांचा पातळ टी-शर्ट, शॉर्ट्स किंवा टाइट्स, हातमोजे, कानांवरून बफ (गळ्यात-डोक्यावर चढवायची ताणली जाणारी कापडी नळी).

५ ते ८ अंश: आतून पातळ टी-शर्ट, वरून चेन असलेलं हलकं विंडचीटर. चेन हवीच, कारण चढावर उघडायची आणि उतारावर लावायची. पायात टाइट्स. गुडघे उघडे नकोत.

हे आकडे माझ्या अंगाचे आहेत. बारीक माणसाला, हळू धावणाऱ्याला आणि साठीच्या पुढच्यांना एक थर जास्त लागतो. तुम्ही दोन आठवडे तापमान आणि घातलेले कपडे वहीत लिहून ठेवले तर तुमचा स्वतःचा तक्ता तयार होईल आणि तो कुठल्याही लेखापेक्षा कामाचा असेल.

हात आणि कान यांची काळजी मात्र मनापासून घ्या. थंडीत शरीर हातापायांच्या टोकांचं रक्त कमी करून ते पोटा-छातीकडे वळवतं, त्यामुळे अंग गरम होऊनही बोटं गारच राहतात. महागडे हातमोजे लागत नाहीत. जुन्या मोज्यांचा जोड हातात घालून मी कित्येक हिवाळे काढले, बोटं एकत्र राहिल्याने ती उलट जास्त ऊब धरतात. कानटोपी धावताना फार उकडते, कान झाकणारी पट्टी किंवा बफ पुरतो. शरीराची बरीचशी उष्णता डोक्यातून निघून जाते असं आपण लहानपणापासून ऐकलं आहे. प्रत्यक्षात डोक्याच्या आकाराच्या मानाने जेवढी जावी साधारण तेवढीच, म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपास, तिथून जाते. पण कान दुखतात हे खरंच, त्यासाठीच ते झाकायचे.

ओठ, नाकपुड्या आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला व्हॅसलीन लावून निघा. कोरड्या हवेत कातडी लवकर सोलवटते.

स्कूटरवरची वीस मिनिटं

आपल्याकडच्या थंडीतला सगळ्यात बोचरा भाग धावण्यात नसतोच, तो मैदानापर्यंतच्या प्रवासात असतो. ८ अंशांत ताशी ४० किलोमीटर वेगाने स्कूटर चालवली तर उघड्या कातडीला ती थंडी ३ अंशांइतकी लागते. तीही बसून, अंगात कसलीच हालचाल नसताना. माणूस धावण्याच्या कपड्यांत स्कूटरवर बसतो, गुडघे आणि बोटं आखडून उतरतो आणि ग्रुप निघाला म्हणून थेट पळत सुटतो. पोटरी धरते ती अशाच दिवशी.

जाताना धावण्याच्या कपड्यांवर जाड स्वेटर, ट्रॅकपँट आणि जाड हातमोजे घालाच. पहाटे दुचाकीवरून दूध घालणारे शर्टाच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवतात, ती युक्ती खरोखर लागू पडते. वारा कागदातून आत येत नाही.

निघण्याआधी अंग तापवा

थंड स्नायू ताठ असतो आणि हळू आकुंचन पावतो. उन्हाळ्यात पाच मिनिटांचा वॉर्मअप पुरतो, हिवाळ्यात पंधरा द्या. यातला पहिला भाग घरातच करा, म्हणजे दार उघडायचं धैर्यही येतं. जागच्या जागी चालणं, खांदे आणि कंबर फिरवणं, १५ उठाबशा, भिंतीला हात टेकून दोन्ही पाय पुढे-मागे झुलवणं, चवड्यांवर २० वेळा वर-खाली होणं. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर दोन मजले चढून उतरा. अंगात धग आल्यासारखी वाटली की बाहेर पडा.

बाहेर आल्यावर पाच मिनिटं भरभर चाला, मग रेंगाळत धावा. पहिले दोन किलोमीटर नेहमीपेक्षा मिनिटभराने हळू गेले तरी चालेल. बोलता येतंय, खांदे सैल झाले आहेत, बोटांत ऊब आली आहे, या तीन खुणा दिसेपर्यंत वेग वाढवू नका. वेगाचा सराव असेल तर वीस मिनिटं झाल्याशिवाय तो सुरू करू नये, हे मी ग्रुपमधल्या तरुण मुलांना हात जोडून सांगतो. मांडीमागचा स्नायू एकदा ओढला गेला की सगळा हिवाळा हातचा जातो.

वाकून पायाचे अंगठे धरून अर्धा-अर्धा मिनिट थांबणं, हे थंड अंगाने करू नका. तसले ताण धावून झाल्यावर, घरात.

एक बारीक सूचना. मनगटावरचं घड्याळ थंडीत हृदयाचे ठोके चुकीचे दाखवू शकतं, कारण कातडीखालचं रक्त कमी झालेलं असतं. पहिल्या पंधरा मिनिटांत आकडा विचित्र दिसला तर घाबरू नका, स्वतःच्या श्वासावर भरवसा ठेवा.

श्वास, आणि पहाटेची ‘शुद्ध’ हवा

घसा जळजळतो, नाक वाहतं, म्हणून पुष्कळ जण हिवाळा सोडून देतात. आपल्या थंडीने फुप्फुसं गारठत नाहीत. हवा आत पोचेपर्यंत नाक आणि घसा तिला गरम आणि ओली करून ठेवतात. जळजळ होते ती कोरडेपणाने. हिवाळ्यातली हवा कोरडी, त्यात धावताना आपण तोंडाने मोठमोठे श्वास घेतो, आणि श्वासनलिकेचं अस्तर सुकतं. उपाय सोपा: पहिली पंधरा मिनिटं बफ नाका-तोंडावर घ्या, म्हणजे स्वतःच्याच श्वासाची वाफ परत आत जाते. वेग इतका ठेवा की नाकाने श्वास पुरेल.

पण धावून थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी कोरडा खोकला सुरू होत असेल, छाती आवळल्यासारखी वाटत असेल किंवा श्वासात शिट्टी वाजत असेल, तर ते कोरड्या घशाचं लक्षण नव्हे. व्यायामाने श्वासनलिका आकुंचन पावण्याचा हा त्रास आहे, दमा नसलेल्यांनाही होतो, आणि त्यावर चांगले उपचार आहेत. डॉक्टरांना दाखवा. ते बहुधा धावण्याआधी घ्यायचा इन्हेलर देतील आणि तुमचं धावणं सुरळीत चालू राहील. आमच्यातल्या एका ताईंनी तीन हिवाळे ‘मला थंडी सोसत नाही’ म्हणून घरात काढले. आता त्या इन्हेलर घेऊन, बफ लावून, हाफ मॅरेथॉन पूर्ण करतात.

आता त्या शुद्ध हवेबद्दल. तांबडं फुटायच्या आधीची हवा सगळ्यात स्वच्छ, ही समजूत गावाकडे, झाडी-डोंगरांत खरी असेल. शहरात हिवाळ्यात ती खोटी आहे. रात्री जमिनीलगतची हवा गार होते आणि वर तुलनेने उबदार हवेचं झाकण बसतं. वॉचमनच्या शेकोट्या, पेटवलेला कचरा, गाड्यांचा धूर, बांधकामाची धूळ हे सगळं त्या झाकणाखाली अडकतं आणि पहाटे ते सर्वांत दाट असतं. जानेवारीत पर्वतीवर किंवा तळजाईवर चढून सूर्योदयाला खाली पाहा, शहरावर राखाडी चादर पसरलेली दिसते. ऊन तापलं की आठ-नऊनंतर ती विरायला लागते.

म्हणून हिवाळ्यात मोठ्या रस्त्यांऐवजी टेकड्या आणि मोकळे परिसर निवडा. पुण्यात वेताळ टेकडी, तळजाई; नागपुरात सेमिनरी हिल्स; कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा परिसर; साताऱ्यात यवतेश्वरचा घाट. आणि निघण्याआधी हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (एक्यूआय) पाहायची सवय लावा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेने उभारलेली ‘सफर’ यंत्रणा आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ अ‍ॅप यांवर तो मिळतो. आपल्या देशाच्या मोजपट्टीत २०० च्या पुढची हवा ‘खराब’ आणि ३०० च्या पुढची ‘अतिशय खराब’. माझा नियम: २०० च्या पुढे वेगाचा सराव रद्द, फक्त थोडं हळू धावणं, ३०० च्या पुढे घरात जिने आणि व्यायाम. दिल्लीतल्या मित्रांना हा नियम पाळायचा तर आठवडेच्या आठवडे घरात बसावं लागतं, त्यांचं दुःख मला समजतं, पण फुप्फुसं एकदाच मिळतात.

अंधाराचा रस्ता

रस्त्याच्या उजव्या बाजूने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं धावा. अंगावर पांढरा किंवा पिवळा कपडा, आणि डोक्याला किंवा छातीला दिवा. पश्चिम महाराष्ट्रात, नगर जिल्ह्यात, मराठवाड्यात हिवाळा म्हणजे साखर कारखान्यांचा हंगाम. उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर चालतात, अनेकांना मागे धड दिवा नसतो आणि ऊस दोन्ही बाजूंना फुटभर बाहेर आलेला असतो. समोरून ट्रॅक्टर दिसला की रस्ता सोडून मातीवर उतरा आणि तो पूर्ण जाईपर्यंत थांबा. गाण्यांचे इअरफोन कानात घालून अशा रस्त्यावर धावू नये. धुकं दाट असेल तर रस्त्यावर जाऊच नका, शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारा.

दव पडलेलं असेल तर रस्त्यावरचे पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं आणि फरशा निसरड्या होतात. वळणावर पावलं लहान टाका.

कुत्री पहाटे टोळीने असतात. पाठीमागे लागली तर पळू नका. थांबा, डोळ्याला डोळा न भिडवता हळू चालत पुढे जा. चावा बसला, नुसतं खरचटलं असलं तरी, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करा. हळद, चुना, तिखट काहीही भरू नका.

पाणी आणि खाणं

थंडीत तहान लागत नाही, घाम दिसत नाही, आणि लघवी मात्र वारंवार होते, कारण हातापायांचं रक्त आत वळल्याने मूत्रपिंडं जास्त पाणी बाहेर टाकतात. म्हणून उठल्यावर ग्लासभर कोमट पाणी प्या, आणि तासापेक्षा जास्त धावणार असाल तर वाटेतही प्या. तासाभराच्या आतलं धावणं असेल तर खायची गरज नाही. लांब पल्ला असेल तर एक केळं किंवा अर्धा डिंकाचा लाडू, निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी. पूर्ण लाडू जड जातो. बाजरीची भाकरी, तीळ, गूळ, लोणी हे सगळं धावून आल्यावर भरपूर खा, या दिवसांत भूक खवळते आणि ती खरी असते.

थांबल्यावरची दहा मिनिटं

सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर एवढा भाग वाचा.

धावणं थांबलं की शरीराची शेगडी काही मिनिटांत मंदावते. पण कातडीजवळचं रक्त अजून तसंच भरभरून वाहत असतं आणि अंगावरचे कपडे ओले असतात. म्हणजे उष्णता तयार होणं थांबलेलं आणि बाहेर जाणं चालूच. आपल्याकडे नेमकं याच वेळी काय होतं? ग्रुप चहा-पोह्याच्या गाडीपाशी उभा राहतो, फोटो निघतात, गप्पा रंगतात, अर्धा तास जातो. मग तेच ओले कपडे घालून माणूस स्कूटरवर बसतो. मघाशी कोरड्या अंगाला ३ अंशांसारखी लागलेली हवा आता ओल्या अंगावर घ्यायची असते.

क्रम असा ठेवा. शेवटचा किलोमीटर हळू, शेवटची दोन-तीन मिनिटं चालत. थांबल्यावर पाच मिनिटांच्या आत ओला टी-शर्ट काढायचा, पंचाने छाती, पाठ आणि मान कोरडी करायची, कोरडा टी-शर्ट आणि स्वेटर घालायचा. बायकांनी आतले ओले कपडेही बदलता आले तर बदलावेत. मैदानावर सोय नसते म्हणून आमच्या ग्रुपमधल्या बायका गाडीच्या मागच्या सीटवर दोन चादरींचा आडोसा करतात. मग डोक्याला कानटोपी, कारण केस ओले असतात. मोजे बदला. इतकं झालं की चहा घ्या, आल्याचा, गरम, आणि हवा तेवढा वेळ गप्पा मारा.

वारा असेल त्या दिवशी जातानाच वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जा आणि परत येताना तो पाठीवर घ्या. उलट केलंत तर घामाने भिजल्यावर समोरून वारा लागतो.

घरी आल्यावर कोमट पाण्याने आंघोळ. बधिर बोटं एकदम कढत पाण्यात घालू नका, भाजलेलं कळत नाही. ताण द्यायचे व्यायाम आंघोळीनंतर करा, स्नायू तेव्हा सैल असतात. थरथर पाऊण तास उलटूनही थांबत नसेल, बोलणं अडखळत असेल किंवा माणूस गोंधळल्यासारखा वागत असेल तर तो साधा गारठा नाही. ओले कपडे काढून, पांघरुणात गुंडाळून त्याला थेट डॉक्टरांकडे न्या.

कोणी थांबायचं

थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. हृदयविकार, उच्च रक्तदाब, मधुमेह असणाऱ्यांनी आणि पन्नाशीनंतर पहिल्यांदाच धावायला लागणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पहाटेच्या कडाक्यात धावू नये. उन्हं वर आल्यावर आठ-नऊला धावा, काही बिघडत नाही. छातीत दडपण, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारं दुखणं, एकाएकी घाम आणि चक्कर आली तर तिथेच थांबा आणि मदत मागा. ‘गॅस असेल’ म्हणून घरी चालत जाऊ नका.

सर्दीचं म्हणाल तर, नुसतं नाक वाहत असेल तर हळू धावायला हरकत नाही. ताप, अंगदुखी किंवा छातीतला खोकला असेल तर ते पूर्ण बरं होईपर्यंत विश्रांती.

शून्याखाली धावणाऱ्यांसाठी

शिकागो, टोरांटो, मिनियापोलिसला गेलेली आपली मुलं-मुली विचारतात म्हणून थोडं. तिथे तापमानाइतकंच वाऱ्याकडे पाहा. वाऱ्यासकट जाणवणारी थंडी उणे २७-२८ च्या खाली गेली की उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते, त्या दिवशी ट्रेडमिल. एरवी तीन थर: घाम बाहेर टाकणारा पातळ, मधला लोकरी किंवा फ्लीसचा, बाहेरचा वारा अडवणारा. बोटं सुटी ठेवणाऱ्या हातमोज्यांपेक्षा चारही बोटं एकत्र ठेवणारे मोजे बरे. फार लांब न जाता घराभोवती छोट्या फेऱ्या मारा, म्हणजे पाय मुरगळला तरी पाच मिनिटांत दार गाठता येईल. फोन आतल्या खिशात अंगाला लागून ठेवा, बॅटरी थंडीत झपाट्याने उतरते. बर्फ पारदर्शक असतो आणि डांबरासारखाच दिसतो; रस्ता चकचकीत वाटला की चाला.

नाकाचा शेंडा, कान किंवा बोटं पांढुरकी, मेणासारखी दिसू लागली आणि तिथलं कळेनासं झालं तर चोळू नका, शेकोटीवर किंवा हीटरवर धरू नका. आत जा, ३७ ते ३९ अंशांच्या, म्हणजे कोपराला नुसत्या कोमट लागणाऱ्या पाण्यात ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

थंडीत सराव, मुंबईत शर्यत

आपल्यापैकी बहुतेकांची हिवाळ्यातली मोठी शर्यत म्हणजे जानेवारीच्या तिसऱ्या रविवारची मुंबई मॅरेथॉन. इथे एक फसगत होते. नाशिकला ९ अंशांत, कोरड्या हवेत मारलेला वेग मुंबईच्या दमट पहाटे टिकत नाही. पूर्ण मॅरेथॉनचे शेवटचे दहा किलोमीटर येतात, तेव्हा ऊन अंगावर आलेलं असतं. त्यामुळे शेवटचे दोन-तीन आठवडे लांब पल्ल्याचा एखादा सराव मुद्दाम सकाळी साडेआठ-नऊला सुरू करा, शरीराला उन्हाची आठवण राहील. शर्यतीत पहिले दहा किलोमीटर घरच्या वेगापेक्षा किलोमीटरमागे दहा-पंधरा सेकंद हळू ठेवा.

पुण्याची डिसेंबरमधली शर्यत असो की गावाकडची छोटी स्पर्धा, सुरुवातीच्या रेषेवर अर्धा तास उभं राहावं लागतं. तेव्हा वर एखादा जुना शर्ट घाला, शर्यत सुटण्याआधी तो काढून आयोजकांच्या किंवा घरच्यांच्या हाती द्या. कचऱ्याची मोठी नवी पिशवी, डोकं आणि हात जातील अशी भोकं पाडून, हीसुद्धा वारा छान अडवते.

आणि मुंबईहून परत येताना तो दुसरा जोड विसरू नका. पदक गळ्यात, अंगावर घामाने भिजलेला टी-शर्ट, आणि चार तास एसी बसच्या झोतासमोरची सीट. आमच्यातले तिघे-चौघे दरवर्षी शर्यतीने नव्हे, त्या बसने आजारी पडत. आता ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या पिशवीत कोरडा टी-शर्ट, मोजे आणि स्वेटर आहे की नाही ते बसमध्ये चढण्याआधी एक जण तपासतो.